भिंतीच्या पाठीमागचे पाणी: उतारावरील घरांना परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
डोंगरउतारावरील बांधकामांना परवानगी देणारे अधिकारी आणि या बांधकामांचे नियम ठरवणाऱ्या समितीचे सर्व सदस्य

विषय: दगडी संरक्षक भिंतींना सिमेंटचा गिलावा सक्तीचा करणारा आदेश

महोदय,

उतारावरील घरांच्या मागेपुढे असलेल्या प्रत्येक दगडी संरक्षक भिंतीचे सांधे येत्या हिवाळ्यापूर्वी सिमेंटने भरून घ्यावेत, वरून गिलावा करावा आणि पूर्ण झालेल्या कामाचे समोरून काढलेले छायाचित्र सादर करावे, असा आदेश आपण काढला आहे. कोरड्या रचाईच्या, म्हणजे मसाला न वापरता दगडावर दगड बसवून उभारलेल्या नव्या भिंतींना यापुढे परवानगी मिळणार नाही, आणि २ मीटरपेक्षा कमी उंचीच्या भिंतींसाठी नकाशा लागणार नाही व पाहणीही होणार नाही, हेही त्यातच म्हटले आहे. बर्फ वितळण्याच्या दिवसांत काही भिंती ढासळल्या, लोक घाबरले आणि तातडीने काहीतरी करणे आपल्याला भाग पडले, हे मी समजू शकतो. मात्र या आदेशाने पडणाऱ्या भिंती सावरणार नाहीत, आणि आज धड उभ्या असलेल्या कित्येक भिंती दोन-तीन हिवाळ्यांत खाली येतील. हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. आपण आता सर्वांना जे करायला सांगत आहात, ते माझ्या घरामागच्या भिंतीला अशाच एका नोटिशीनंतर करून झाले आहे आणि ती भिंत आता उभी नाही.

मी सव्वीस वर्षे बांधकामावर पर्यवेक्षक म्हणून काम केले. पाया खोदण्यापासून शेवटच्या थरापर्यंत गवंड्यांच्या शेजारी उभा राहून ही विद्या शिकलो. म्हणून हे पत्र एका नाराज घरमालकाचे आहे, तसेच ते या कामात हात घातलेल्या माणसाचेही आहे.

माझी भिंत सुमारे ३ मीटर उंच होती आणि कोरड्या रचाईची होती. मी घर घेतले तेव्हाच ती जुनी होती. तिच्या सांध्यांतून पावसाळ्यात आणि बर्फ वितळताना पाणी झिरपत असे, पायथ्याशी दगड ओले दिसत, काही फटींत नेचे उगवलेले असत. पाहणीला आलेल्या कर्मचाऱ्याने हे ओले दगड पाहून भिंत ‘गळकी’ ठरवली आणि सांधे बुजवून गिलावा करण्याची नोटीस दिली. माझे म्हणणे मी लेखी कळवले, त्याला उत्तर आले नाही, आणि मुदत संपत आली तशी मी नोटिशीप्रमाणे काम करून घेतले. कंत्राटदाराच्या माणसांनी खालच्या थरातल्या पाणी निघण्याच्या जागाही थापीने गुळगुळीत बुजवल्या. त्या उघड्या ठेवल्या तर छायाचित्रात काम अपुरे दिसेल, असे मला सांगण्यात आले. मी तेव्हा हट्ट धरायला हवा होता, ही बोच मला अजून आहे.

पहिल्या हिवाळ्याच्या आधी मी भिंतीच्या तोंडावर वरच्या थरापासून पायापर्यंत एक बारीक दोरी दोन खिळ्यांना ताणून बांधली. त्या वेळी ती मधल्या दगडांना जेमतेम टेकत होती. थंडी सरेपर्यंत उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात भिंतीने पोट काढले होते आणि दोरी मूळ रेषेपासून १२ मिलिमीटर पुढे ढकलली गेली होती. उन्हाळ्यात ती मागे सरकेल अशी माझी आशा होती. ती तसूभरही सरकली नाही. गिलाव्यावर केसाएवढ्या रेघा उमटल्या आणि पायथ्याशी पांढरा लोणा आला. दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी तेच माप ३१ मिलिमीटर झाले. त्यानंतर काही दिवसांनी, पाऊस नाही, वारा नाही, स्वच्छ ऊन पडलेले असताना, सकाळी अकराच्या सुमारास भिंतीचा ४ मीटर लांबीचा भाग खाली बसला. माती आणि दगड मागच्या खोलीच्या खिडकीपर्यंत आले. माझी आई दिवसाचा बराच वेळ त्याच खोलीत असते. त्या वेळी ती अंगणात होती.

ढिगारा उपसताना जे दिसले ते मी जपून ठेवले आहे, कारण या पत्रातला सगळा मुद्दा त्यात आहे. गिलाव्याचे जे तुकडे पडले होते त्यांच्या मागच्या बाजूला दगडाचा पातळ पापुद्रा चिकटून आला होता. गिलावा दगडावरून सुटला नव्हता, दगडच आतून सोलला गेला होता. आणि भिंतीमागच्या उघड्या पडलेल्या मातीत, सावलीच्या बाजूला, भिंतीच्या तोंडाला समांतर असे बर्फाचे थर होते. काही नखाएवढे, काही बोटाच्या जाडीचे, आणि दोन थरांच्या मध्ये जवळजवळ कोरडी, घट्ट दाबलेली माती. भिंत पुढे कोणी ढकलली, याचे उत्तर तिथे डोळ्यांसमोर होते.

पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, हे शाळेत शिकवले जाते, आणि गोठण-वितळणीचे सारे नुकसान तेवढ्यानेच होते असा समज आहे. मातीच्या बाबतीत तो अपुरा आहे. अमेरिकन भूवैज्ञानिक स्टीफन टेबर यांनी १९३० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाण्याच्या जागी बेंझिन वापरले होते. बेंझिन गोठताना फुगत नाही, आकसते. तरीही माती उचलली गेली. कारण गोठणारा थर खालच्या आणि मागच्या न गोठलेल्या मातीतून द्रव स्वतःकडे ओढून घेत राहतो. पाणी मातीतल्या केसाएवढ्या बारीक वाटांतून त्या थराकडे येते, तिथे बर्फ होते, आणि बर्फाचा पातळ थर दिवसेंदिवस जाड होत जातो. म्हणजे थंडी पडली त्या क्षणी मातीत जेवढे पाणी होते त्याचा हिशेब पुरत नाही. पुढचे सहा आठवडे मागून किती पाणी येत राहणार, हे पाहावे लागते. बर्फाचा थर वाढतो तो उष्णता जिकडून बाहेर पडते त्या दिशेला. सपाट जमिनीत ती वर जाते, म्हणून जमीन वर उचलली जाते. संरक्षक भिंतीमागे ती वरूनही जाते आणि भिंतीच्या तोंडातूनही जाते, म्हणून माती भिंतीलाच आडवी ढकलते.

हे सगळ्या मातीत सारखे होत नाही. स्वच्छ जाड वाळू आणि खडी पाणी ओढून धरत नाही. निव्वळ चिकणमाती पाणी ओढते पण ते फार सावकाश पुढे जाऊ देते. सर्वांत वाईट ती गाळाची, पिठासारखी बारीक माती, जी ओढतेही आणि वाहूही देते. आर्थर कासाग्रांडे यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला दिलेली कसोटी आजही वापरात आहे: मिश्र आकाराच्या कणांच्या मातीत ०.०२ मिलिमीटरपेक्षा बारीक कण वजनाने ३ टक्क्यांहून जास्त असतील, तर ती थंडीत फुगण्याची शक्यता धरावी. अवघे ३ टक्के. घराचा पाया खोदताना निघालेली माती भिंतीमागे लोटून दिली की ही मर्यादा सहज ओलांडली जाते, आणि बहुतेक ठिकाणी तेच केले जाते, कारण ती माती फुकट असते आणि जवळच पडलेली असते.

भिंत परत मागे का येत नाही, याचेही कारण यातच आहे. बर्फाने भिंत पुढे रेटली की मागे एक बारीक पोकळी तयार होते. बर्फ वितळले की वरची सैल झालेली माती त्या पोकळीत उतरते आणि ती भरून टाकते. पुढच्या हिवाळ्यात रेटा नव्या जागेवरून सुरू होतो. पाचर ठोकत न्यावी तशी भिंत वर्षाला काही मिलिमीटर पुढेच जाते, आणि एक दिवस तिचा भार पायाच्या पुढच्या कडेवर येतो. तो दिवस कडाक्याच्या थंडीचा नसतो. गोठलेली माती तोवर दगडासारखी घट्ट असते. वरची माती वितळलेली, खालची अजून गोठलेली, मधल्या पाण्याला खाली जायला वाट नाही आणि पुढे गिलाव्याने वाट बंद केलेली, अशा उन्हाच्या दिवशी भिंती पडतात. आपल्या कार्यालयात पडलेल्या भिंतींच्या नोंदी असतील, तर त्यांच्या तारखा एकदा याच नजरेने पाहाव्यात ही विनंती.

आता माझ्या तक्रारी क्रमाने मांडतो.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार ही, की आपल्या आदेशात निचऱ्याविषयी एक शब्दही नाही. ३ मीटर उंचीच्या भिंतीमागे निचरा होणारी कोरडी माती असेल, तिचे वजन घनमीटरला साधारण १८ किलोन्यूटन आणि अंतर्गत घर्षणाचा कोन, म्हणजे मातीचे कण एकमेकांवरून घसरण्याला किती अडवतात याचे माप, ३० अंश धरला, तर भिंतीच्या प्रत्येक धावत्या मीटरवर सुमारे २७ किलोन्यूटन, म्हणजे पावणेतीन टनांच्या आसपास आडवा रेटा येतो. तीच माती वरपर्यंत पाण्याने भरली की मातीचा रेटा बराच कमी होतो, पण पाण्याचा स्वतःचा रेटा पूर्ण लागतो आणि एकूण आकडा ५९ किलोन्यूटनच्या घरात जातो. दुपटीहून अधिक. यात बर्फाचा रेटा अजून धरलेलाच नाही. ज्या दिवशी माझ्या भिंतीच्या खालच्या फटी बुजवल्या, त्या दिवशी तिच्यावरचा संभाव्य भार दुप्पट झाला, आणि पायथ्याशी दिसणारे जे पाणी दोष म्हणून नोंदवले गेले होते, ते निघून जाणारे पाणी होते. ओली भिंत पाहून अधिकाऱ्याने काळजी करावी यात गैर काही नाही. मात्र आधी ओली असणारी भिंत अचानक कोरडी दिसू लागली, तर त्याहून जास्त काळजी करावी.

दुसरी तक्रार सिमेंटविषयी आहे. मी सिमेंटच्या विरोधात नाही. आयुष्यभर तेच वापरत आलो. पण दगडापेक्षा कडक आणि हवा-ओल जाऊ न देणारा मसाला सांध्यांत भरला, की आत शिरलेली ओल बाहेर पडायला सांध्यांची वाट सापडत नाही आणि ती दगडाच्या तोंडातून बाहेर पडू पाहते. तिथेच ती गोठते. दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत दहांश हिस्सा जरी रिकामा असला तरी फुगणाऱ्या बर्फाला जागा मिळते. छिद्रे सुमारे ९२ टक्क्यांच्या वर भरली की जागा उरत नाही आणि दगड फुटतो. म्हणजे दगड टिकतो तो त्याला वाळायला मिळते म्हणून. चुन्याचा मसाला दगडापेक्षा मऊ असतो, ओल आरपार जाऊ देतो, भिंत किंचित हलली तर स्वतः चिरतो आणि दगडाला वाचवतो. काही वर्षांनी तो खरवडून पुन्हा भरता येतो, फुटलेला दगड मात्र पुन्हा जोडता येत नाही. जुन्या भिंतींचे सांधे चुन्यानेच भरावेत, असा आग्रह जाणकार धरतात तो यासाठी. आणि काँक्रीटची भिंत बांधायचीच असेल तर तिथेही तत्त्व तेच आहे: मुद्दाम मिसळलेले हवेचे अतिसूक्ष्म बुडबुडे, आकारमानाने साधारण ५ ते ७ टक्के, आणि सिमेंटच्या वजनाच्या ४५ टक्क्यांपेक्षा जास्त नसलेले पाणी. हे १९३०च्या दशकापासून माहीत आहे. आपल्या आदेशात काँक्रीटचा उल्लेख आहे, बुडबुड्यांचा नाही.

तिसरी तक्रार मुदतीची. आदेश निघाला तेव्हा रात्री गार व्हायला लागल्या होत्या. तापमान ५ अंश सेल्सियसच्या खाली गेले की सिमेंटचा मसाला फार सावकाश पकडतो, आणि पकडण्याआधीच गोठला तर त्याची ताकद कायमची जाते. चुन्याला तर गोठणीपूर्वी कित्येक आठवडे मिळावे लागतात. ‘हिवाळ्यापूर्वी’ ही मुदत कागदावर काळजीची दिसते, पण तिच्यामुळे नेमके हेच नाजूक काम वर्षातल्या सर्वांत अयोग्य पंधरवड्यात ढकलले जाते. मी गोठलेल्या दगडांवर गरम पाण्यात कालवलेला माल लावताना माणसे पाहिली आहेत. तो माल पुढच्या वर्षी हाताने सुटतो.

चौथी, २ मीटरच्या सवलतीविषयी. मातीचा रेटा उंचीच्या वर्गाने वाढतो आणि भिंत उलथवणारा जोर घनाने. उंची दुप्पट झाली की रेटा चौपट आणि उलथवणारा जोर आठपट. म्हणून कमी उंचीच्या भिंतीला थोडी सवलत देणे तर्काला सोडून नाही. पण उतारावर कोणी एकच भिंत बांधत नाही. आता लोक १.९ मीटरची एक आणि तिच्या डोक्यावर हातभर मागे १.९ मीटरची दुसरी भिंत बांधतील, दोन्हींना परवानगी लागणार नाही, आणि खालची भिंत प्रत्यक्षात जवळजवळ ४ मीटरचा भार सोसत राहील. दोन टप्प्यांतले अंतर खालच्या भिंतीच्या उंचीच्या दुप्पट तरी असावे, तरच त्यांना स्वतंत्र धरावे, असा साधा दंडक या कामात पाळला जातो. वरच्या बाजूला घर आहे का, वाहन उभे राहते का, उतार वर तसाच चढत गेला आहे का, यावर १.५ मीटरची भिंतही धोक्याची ठरू शकते. हा प्रश्न नवा नाही. मार्टिनिक बेटावरच्या किल्ल्याच्या कामावर कित्येक वर्षे घालवलेल्या शार्ल कुलोम या फ्रेंच लष्करी अभियंत्याने भिंतीवरच्या मातीच्या रेट्याचा हिशेब १७७३ साली मांडला, तो १७७६ मध्ये छापला गेला, आणि मागच्या जमिनीचा चढ व वरचा भार त्या हिशेबात आजवर धरला जात आला आहे. आपल्या सवलतीत फक्त उंची आहे.

पाचवी तक्रार आपल्याच यंत्रणेविषयी आहे, आणि ती मी जड मनाने लिहितो. रस्ते मोकळे करताना यंत्राने लोटलेले बर्फ सोयीच्या जागेत, म्हणजे रस्त्याखालच्या घरांच्या भिंतींच्या माथ्यावर टाकले जाते. तो ढीग वितळतो तेव्हा त्याचे सारे पाणी थेट भिंतीच्या पाठीमागे उतरते, तेही जमीन अर्धवट गोठलेली असताना. त्यात रस्त्यावर टाकलेले मीठ मिसळलेले असते, आणि खारट पाण्याने दगड व काँक्रीटचे पापुद्रे निघण्याचे प्रमाण वाढते. घरमालकाला नोटीस देताना हा हिस्साही मोजला जावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

कोरड्या रचाईवरील बंदीविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण त्यामुळे फक्त एक पद्धत जात नाही, ती येणारी माणसेही जातात. चांगली कोरडी भिंत कशी असते ते मी एका वृद्ध गवंड्याकडून शिकलो. तो प्रत्येक दगड हातात फिरवून त्याची लांब बाजू भिंतीच्या आत जाईल असाच ठेवत असे. तोंडावर मोठा दिसणारा पण आत जेमतेम वीतभर जाणारा दगड त्याने कधी मान्य केला नाही. वरचा दगड खालच्या दोन दगडांवर बसला पाहिजे आणि त्यांचा सांधा झाकला पाहिजे. थोड्या थोड्या अंतरावर भिंतीच्या पुढून मागपर्यंत जाणारा आरपार दगड हवा. पोटात टाकायच्या चिपा फावड्याने लोटायच्या नाहीत, हाताने एकेक बसवायच्या. पायथ्याची रुंदी उंचीच्या निम्म्याच्या आसपास, आणि तोंडाला मागच्या मातीकडे झुकणारा ढाळ. अशी भिंत उभी राहते ती वजनावर आणि घर्षणावर. तिच्या प्रत्येक फटीतून पाणी जाते, म्हणून तिच्यामागे पाणी साठत नाही. थंडीने ती थोडी हलली तर दगड एकमेकांवर सरकून पुन्हा बसतात, तडा जात नाही. एखादा भाग पडलाच तर त्याच दगडांतून तो पुन्हा उभा करता येतो. २०१८ साली युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत कोरड्या रचाईची कला घेतली, आणि तो प्रस्ताव आठ देशांनी मिळून दिला होता. त्यांत बर्फाळ आल्प्सचे उतार असलेला स्वित्झर्लंडही होता.

वाईट कोरड्या भिंती नाहीत असे मी म्हणणार नाही. आतमध्ये नुसता डबर ओतलेल्या, आरपार दगड नसलेल्या, सरळ उभ्या रचलेल्या भिंती मी पडताना पाहिल्या आहेत, आणि फार उंच कामाला ही पद्धत पुरेशी नाही हेही खरे आहे. पण त्या भिंती पडतात त्या रचाईच्या दोषाने. तो दोष पाहणाऱ्याला ओळखता येतो. त्यावर गिलावा चढवला की तो फक्त दिसेनासा होतो.

पायाच्या खोलीचा मुद्दा आदेशात एका ओळीत आहे, तिथे ‘पुरेशी खोली’ असे शब्द आहेत. पाया त्या जागी जमीन जिथपर्यंत गोठते त्याच्या खाली न्यावा, किंवा तेवढ्या खोलीपर्यंतची माती काढून तिथे थंडीत न फुगणारी निचऱ्याची खडी भरावी, असे स्पष्ट लिहिले तर कोणाला अर्थ लावत बसावे लागणार नाही.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

जुन्या दगडी भिंतींना सिमेंटचा गिलावा सक्तीचा करणारे कलम तत्काळ स्थगित करावे आणि ज्या घरांना यापूर्वीच नोटिसा गेल्या आहेत त्यांना तसे लेखी कळवावे. ज्या भिंतींची पाणी निघण्याची छिद्रे नोटिशीमुळे बुजली, त्यांची यादी करून ती छिद्रे बर्फ वितळण्यापूर्वी आपल्या खर्चाने उघडावीत. ही मागणी सर्वांत तातडीची आहे. बाकी सगळे मागेपुढे झाले तरी चालेल, हे नाही.

निचऱ्याचा स्वतंत्र नियम करावा. भिंतीमागे, त्या जागी थंडी जितकी आत शिरते तितक्या जाडीपर्यंत, स्वच्छ खडीचा भराव असावा. खडी आणि मूळ माती यांच्यामध्ये गाळणीचे कापड असावे, नाहीतर बारीक माती काही वर्षांत खडीत उतरून ती निकामी करते. पायथ्याशी छिद्रांचा नळ असावा, त्याला सतत उतार असावा आणि त्याचे तोंड गोठून बंद होणार नाही अशा जागी, शक्यतो उन्हाच्या बाजूला, एकापेक्षा जास्त ठिकाणी बाहेर काढावे. माथ्यावर पाणी आत मुरू न देणारा मातीचा थर आणि वरचे पाणी वळवणारी चर असावी.

पाहणी समोरच्या छायाचित्रावर करू नये. भिंतीची पाठ एकदा भराव टाकला की पुन्हा दिसत नाही, म्हणून पाया खोदल्यावर, निचऱ्याचा नळ व खडी टाकताना, आणि काम पूर्ण झाल्यावर अशा तीन वेळा प्रत्यक्ष जागेवर पाहणी व्हावी, आणि मधली पाहणी झाल्याशिवाय भराव टाकू देऊ नये. २ मीटरची सवलत एकूण धरलेली उंची, टप्प्यांतील अंतर, वरचा भार आणि मागचा चढ पाहूनच द्यावी. कोरड्या रचाईवरील बंदी मागे घेऊन तिच्यासाठी रुंदी, ढाळ आणि आरपार दगडांचे किमान नियम लिहावेत, आणि ते लिहिताना प्रत्यक्ष रचाई करणारे दोन-तीन गवंडी समितीत बसवावेत. सांधे भरण्याच्या कामाची मुदत रात्री गोठणे थांबल्यापासून पुन्हा सुरू होण्याच्या बऱ्याच आधीपर्यंत अशी हंगामाला धरून ठेवावी. रस्त्यावरचे बर्फ भिंतींच्या माथ्यावर टाकणे बंद करावे.

आणि गेल्या काही वर्षांत पडलेल्या भिंतींची नोंद सर्वांना पाहता येईल अशी प्रसिद्ध करावी: भिंत कोणत्या पद्धतीची होती, मागे कोणती माती होती, निचरा होता का, गिलावा केव्हा केला होता, आणि ती कोणत्या तारखेला पडली. त्या नोंदीतून माझे म्हणणे चुकीचे ठरले तर मी ते याच पद्धतीने, जाहीरपणे मान्य करीन.

माझ्या दोरीच्या मोजमापांची वही, ढिगाऱ्यातले बर्फाचे थर दाखवणारी छायाचित्रे आणि दगडाचा पापुद्रा चिकटलेले गिलाव्याचे चार तुकडे मी आपल्या कार्यालयात आणून दाखवायला तयार आहे. माझ्या शेजारच्या घरामागेही अशीच गिलावा केलेली भिंत आहे, आणि मागच्या आठवड्यात आम्ही दोघांनी मिळून तिच्यावर दोरी ताणली आहे. त्या घरात लहान मुले आहेत. पाहणीसाठी कोणी येणार असेल, तर त्या भिंतीपासून सुरुवात करावी.

आपल्या लेखी उत्तराच्या प्रतीक्षेत,

आपला,
उतारावरील एक रहिवासी आणि निवृत्त बांधकाम पर्यवेक्षक